वॉर्ड की सँडर्स, आणि बेसमेंटमधलं एक वाक्य

पत्र, थोडक्यात: मी मूळचा सांगलीचा, वय 53. 2002 पासून क्लीव्हलँडच्या उपनगरात राहतो, इंजिनिअर आहे. अमेरिकन फुटबॉलमधला ब्राउन्स हा आमच्या घरचा संघ. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं बेसमेंटमध्ये बसून मॅच बघत आलो. गेल्या वर्षी, 2025 च्या एप्रिलात, ड्राफ्टच्या (संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाच्या) पहिल्या रात्री पाच-सहा मराठी कुटुंबं आमच्याकडे जमली होती. माझं म्हणणं, काय वाट्टेल ते देऊन पहिला नंबर मिळवा आणि मायामी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड आणा. मुलाला कोलोराडोचा शेड्यूर सँडर्स हवा होता. वाद चढत गेला आणि मी म्हणालो, "बापाच्या जिवावर वर आलेलाच तुला आवडणार." (मुलानं त्याच सुमारास कॉम्प्युटर सोडून खेळ-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतला होता, पण त्याचा इथे काही संबंध नाही.) तो त्याच रात्री गाडी काढून कोलंबसला, कॉलेजात निघून गेला. सँडर्स शेवटी 144व्या क्रमांकावर ब्राउन्सकडेच आला, म्हणजे मीच बरोबर ठरलो. तरी वर्षभरात मुलगा माझ्यासोबत एकाही मॅचला बसला नाही. डिसेंबरात वॉर्डच्या टेनेसीशी हरलो तेव्हा मी त्याला नुसतं '31-29' असं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, '364'. आता यंदाचा ड्राफ्ट तोंडावर आलाय. बायको म्हणते, माफी मागा. माझं मत चुकलेलंच नाही, तर माफी कशाची मागू?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फुटबॉलसाठी, कारण मीही फिलाडेल्फियाच्या बाजूला अकरा वर्षं काढली आहेत आणि त्या गावात राहून या खेळापासून लांब राहणं जमत नाही. दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. उत्तरही त्याच क्रमानं देते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो चुकला की बाकीच्या दहा जणांची मेहनत पाण्यात. दर एप्रिलात 32 संघ सात फेऱ्यांमध्ये कॉलेजची पोरं निवडतात आणि मागच्या हंगामात ज्याची सगळ्यात वाईट फजिती झाली त्याला पहिली निवड मिळते. त्याआधी इंडियानापोलिसला या पोरांची रीतसर तपासणी होते: उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला किती सेकंद लागले, तळहात किती इंच, मुलाखतीत कसा बोलला. आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा, फक्त पोहे नसतात. आणि छत्तीस गुण जुळलेल्या लग्नांचं पुढे काय काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. 2020 मध्ये क्वार्टरबॅक जो बरोचा तळहात नऊच इंच भरला म्हणून केवढी चर्चा झाली होती. सिनसिनाटीनं त्यालाच पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच हंगामात तो त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

आता तुमचा मुद्दा. तुम्ही लिहिता, 144 हा आकडा आला म्हणजे मी बरोबर ठरलो. मला हे पटलेलं नाही.

एक तर तुमचा वॉर्ड तुमच्या संघाच्या हाती लागलाच नाही. पहिला नंबर टेनेसीकडे होता, त्यांनी तो विकला नाही आणि वॉर्डलाच घेतलं. तुमच्या ब्राउन्सनी हातातला दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला दिला आणि पाचव्यावर जाऊन मिशिगनचा मेसन ग्रॅहम उचलला. ओहायो स्टेटमध्ये शिकणाऱ्या पोराला घरच्या संघात मिशिगनचा, म्हणजे कट्टर वैरी कॉलेजचा, खेळाडू! त्या रात्री तुम्ही दोघं बोलत असतात तर या एका गोष्टीवर गळ्यात गळा घालून रडला असतात. पुढे 94व्या क्रमांकावर डिलन गेब्रियल आला, तोही क्वार्टरबॅकच, आणि मग 144वर सँडर्स. म्हणजे बेसमेंटमध्ये तुम्ही दोघं ज्यावर भांडलात, त्यातलं काहीच तुमच्या संघानं केलं नाही.

दुसरं असं की, 144 हा आकडा एप्रिल महिन्यात 32 संघांना काय वाटलं तेवढंच सांगतो. पोरगा कसा निघेल ते त्यात नसतं. 2000 साली, पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रॅडी 199व्या क्रमांकावर गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते आणि त्यातला एक, स्पर्गन विन, 183व्या क्रमांकावर तुमच्याच ब्राउन्सनी घेतला, ते तुम्हाला मी सांगायला नको. 2022 मध्ये ब्रॉक पर्डी अगदी शेवटचा, 262वा होता. दोन वर्षांनी तो सॅन फ्रान्सिस्कोकडून सुपर बोल खेळला.

आणि पहिल्या क्रमांकाचं म्हणाल, तर क्लीव्हलँडकरांनी त्याबद्दल कुणाशी पैज लावू नये. 1999 मध्ये टिम काउच, पहिला. 2007 मध्ये ब्रॅडी क्विन, 2012 मध्ये ब्रँडन वीडन, 2014 मध्ये जॉनी मॅन्झिएल, आणि हे तिघेही बरोबर 22व्या क्रमांकावर. बावीस या आकड्याची एखादी शांत करून घ्यायला हवी होती. 2018 मध्ये बेकर मेफिल्ड, पुन्हा पहिला. तो पुढे टँपा बेला जाऊन बहरला. 1999 पासून तुमच्या संघासाठी चाळीसहून जास्त जणांनी क्वार्टरबॅक म्हणून सामने सुरू केलेत. यातल्या प्रत्येकाच्या वेळी कुठल्या ना कुठल्या बेसमेंटमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगत होतं की हाच तो.

फिलाडेल्फियाची एक गोष्ट सांगते. तिथले लोक आजही ती हसत सांगतात, थोडं ओशाळूनही. 1999 च्या ड्राफ्टला तीसेक चाहते बस करून न्यूयॉर्कला गेले होते. त्यांना रिकी विल्यम्स हवा होता, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी. ईगल्सनी दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डॉनव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं आणि या मंडळींनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्या पोराची हुर्यो उडवली. आईवडील ज्या क्षणाची वीस-बावीस वर्षं वाट बघतात तो हा क्षण. मॅकनॅब पुढे अकरा हंगाम तिथे खेळला, पाच वेळा संघाला सुपर बोलच्या आदल्या फेरीत घेऊन गेला, एकदा सुपर बोलमध्येही. ते तीस जण काही मूर्ख नव्हते. आदल्या वर्षी कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कार विल्यम्सलाच मिळाला होता, त्यांच्याकडे कारणं होती. पण त्या दुपारची एकच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिलीय, ती हुर्यो. कारणं कुणालाच आठवत नाहीत.

(ही गोष्ट आत्ताच का सांगितली, ते तुमच्या लक्षात आलं असेल.)

तुमच्या त्या 7 डिसेंबरच्या सामन्याकडे येते, कारण पत्रातला तो भाग मला फार आवडला. वॉर्ड आणि सँडर्स समोरासमोर, तेही क्लीव्हलँडमध्ये. टेनेसी 31-29 नं जिंकलं आणि सँडर्सनं 364 यार्डांचे पास दिले. शेवटी बरोबरी साधायला दोन गुण हवे होते, त्या चालीला तर सँडर्सला मैदानाबाहेरच ठेवलं होतं. तुम्ही निकाल पाठवलात, मुलानं यार्ड पाठवले. दोघांचेही आकडे खरे. दोघांनीही आपल्या सोयीचा तेवढा उचलला. बोलणं बंद असलेल्या दोन माणसांचं याहून नेमकं संभाषण मी तरी वाचलेलं नाही.

हंगामाचा हिशेब मांडलात तरी तेच. वॉर्डचा संघ तीन जिंकला, चौदा हरला आणि अर्ध्या वाटेवर त्याचा प्रशिक्षक गेला. सँडर्सनं सुरू केलेल्या सातपैकी तीन सामने ब्राउन्सनी जिंकले, अख्ख्या हंगामात मिळून पाच. यावरून कोण भारी ते ठरतं का? 1998 मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ, यावरून सगळी अमेरिका भांडत होती. मॅनिंग पहिला गेला. पहिल्या वर्षी त्याचे 28 पास विरोधकांनी झेलले आणि संघ 13 सामने हरला. तेव्हा कुणी तुमच्यासारखं पत्र लिहिलं असतं तर मॅनिंगवाल्याला तोंड लपवावं लागलं असतं. पुढे मॅनिंग पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लीफची कारकीर्द चार हंगामांत आटोपली.

शिवाय पोरगा कोणत्या घरात पडतो, हेही असतंच. 2002 मध्ये, तुम्ही अमेरिकेत पाऊल ठेवलंत त्या वर्षी, ह्यूस्टनच्या नव्या संघानं डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याच्यापुढे भिंत म्हणून उभे राहणारे गडी इतके कच्चे की त्या हंगामात त्याला 76 वेळा पाडलं गेलं. उलट पुढे अव्वल क्वार्टरबॅक ठरलेल्या पॅट्रिक माहोम्सला कॅन्सस सिटीनं 2017 मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिलं वर्षभर अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकू दिलं, जेमतेम एक सामना दिला. माहोम्स क्लीव्हलँडला गेला असता तर काय झालं असतं? माझं मत मी लिहीत नाही, तुमच्या गावात माझे नातेवाईक आहेत.

रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. थेलर म्हणजे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त असते, असं त्यांना आढळलं. ज्यांच्याकडे अख्खी वर्षभराची चित्रफीत, डॉक्टरांचे अहवाल आणि पगारी तपासनीस असतात, त्या लोकांची ही गत. मग तुम्ही आणि मी कोण?

याचा अर्थ वाद घालू नका असा मुळीच नाही. घाला की! भारतीय संघात कुणाला घ्यायला हवं होतं यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत जे चालतं, त्यात केवढी मजा असते. मला फक्त 'मी बरोबर ठरलो' हा शब्दप्रयोग खटकला. ड्राफ्टच्या रात्री कुणीही बरोबर नसतं, सगळे नुसते आशेवर असतात. तुमचे चिरंजीवही. त्यांचं '364' म्हणजे पुरावा नव्हे. त्यांचं ऐकून सँडर्सला दुसऱ्या नंबरवर घेतलं असतं तर जॅक्सनव्हिलकडून मिळालेली यंदाची पहिल्या फेरीची जादा निवड हातची गेली असती. पण हे तुम्ही त्यांना सांगायला जाऊ नका. त्यांचं पत्र आलं तर मी सांगेन.

आता कंसातलं वाक्य.

पत्रात लोक जे कंसात टाकतात ते मी आधी वाचते, ही या सदरानं लावलेली सवय. तुम्ही म्हणता, मुलानं अभ्यासक्रम बदलला त्याचा इथे संबंध नाही. संबंध नसता तर तुम्ही ते लिहिलंच नसतंत.

कॅम वॉर्डची कहाणी बघा. शाळेतून निघाला तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. टेक्सासमधल्या इन्कार्नेट वर्ड नावाच्या लहानशा कॉलेजनं घेतलं, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी. सांगलीहून निघून, ओळखपाळख नसताना परक्या देशात उभ्या राहिलेल्या माणसाला हा पोरगा आपला वाटणारच. सँडर्सचं उलटं. वडील डिऑन सँडर्स, स्वतः मोठे फुटबॉलपटू, हॉल ऑफ फेममधले, प्राइम टाइम म्हणून गाजलेले. कॉलेजची चारही वर्षं, जॅक्सन स्टेटला आणि मग कोलोराडोला, त्याचे प्रशिक्षक वडीलच. तुम्ही क्वार्टरबॅकची तुलना करत होतात हे मला मान्य आहे. पण ऐकणारा विशीतला मुलगा होता, त्याची फी तुम्ही भरता, आणि त्यानं नुकताच तुम्हाला न आवडलेला निर्णय घेतला होता. "बापाच्या जिवावर वर आलेलाच तुला आवडणार" हे त्यानं कुणाबद्दल ऐकलं असेल? तेही पाच-सहा घरच्या काका-मावश्यांसमोर.

आणि एक सांगू? त्या ड्राफ्टचे तीन दिवस सँडर्स टीव्हीसमोर बसून होता. पहिल्या रात्री नाव नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मधेच कुणीतरी खोटा फोन करून त्याची थट्टाही केली. तिसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत नाव आलं. तुमचा मुलगा कोलंबसच्या खोलीत हे सगळं बघत असणार, आणि त्याच्या डोक्यात तुमचं वाक्य ताजं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मताची माफी मागू नका, वाक्याची मागा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही वर्षभर एकीच्या आड दुसरी लपवलीत. वॉर्ड चांगला वाटला तर वाटला, त्यात लाजायचं काही नाही. "ते मी तुला बोललो, सँडर्सला नाही, आणि ते चुकीचं होतं" एवढंच म्हणा. पुढे 'पण' जोडू नका. 'पण'नंतर पुन्हा क्वार्टरबॅक येतो हे मला दिसतंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तुम्हा दोघांची तिथे आकडे फेकायची सवय झालीय. बायकोकरवी निरोप तर मुळीच नको, ती बिचारी वर्षभर दोन टोकांना धरून बसलीय. कोलंबस दोन तासांवर आहे. एखाद्या शनिवारी जा, जेवायला बाहेर न्या, बोला. आणि जे चारचौघांत बोललात ते चारचौघांतच मिटवायला हवं. पुढच्या वेळी ती मंडळी जमतील तेव्हा सहज एक वाक्य टाका. भाषण नको. लोकांना कळतं.

मग त्याला एक गोष्ट विचारा: तुमच्या अभ्यासक्रमात खेळाडू कसा जोखायला शिकवतात? सगळे 22 खेळाडू एका चौकटीत दिसतील अशी चित्रफीत मिळते हल्ली, त्यावर पासची चाल कशी वाचायची ते त्याच्याकडून समजून घ्या. परीक्षा घेतल्यासारखं नको. खरोखर, तुम्हाला येत नाही म्हणून. वडिलांना आपल्याकडून काही शिकायचंय हे कळल्यावर वीस वर्षांच्या पोराचा चेहरा कसा होतो, ते मी माझ्या घरात पाहिलंय.

अशाच भांडणात अडकलेल्या इतर वाचकांसाठीही एक जुनी युक्ती आहे, क्रिकेटला लागू, आयपीएलच्या लिलावालाही लागू. ड्राफ्टच्या आधी प्रत्येकानं एका चिठ्ठीवर आपला खेळाडू, त्याची तीन कारणं आणि 'काय घडलं तर मी माझं मत बदलेन' हे लिहायचं. पाकीट बंद करून घरातल्या तिसऱ्या माणसाकडे द्यायचं. तीन हंगाम उघडायचं नाही. त्याआधी कुणी 'बघ, मी म्हणत होतो' म्हणालं तर त्या आठवड्याची भांडी त्याच्याकडे. तिसरी ओळ लिहिताना लोक बराच वेळ पेन चावतात असा माझा अनुभव आहे, आणि तेवढ्या वेळात आवाज आपोआप खाली येतो.

आमच्याकडेही ही पाकिटं आहेत. माझा भाऊ न्यूयॉर्कच्या जेट्स संघाचा चाहता आहे. 1983 मध्ये त्यांनी, पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेल्या डॅन मरीनोला सोडून केन ओब्रायनला घेतलं, तेव्हा भाऊ भारतात होता आणि त्याला या खेळाचं नावही माहीत नव्हतं. तरी तो त्याबद्दल हळहळतो. अशा माणसाशी वाद घालायला नियम लागतात.

यंदाचं विचाराल, तर तुमच्या घरात पुन्हा तेच भांडण शिजतंय असं दिसतं: सँडर्सला पूर्ण वर्ष द्यायचं की नवा पोरगा आणायचा. मला विचारलंत म्हणून माझं मत. आधी समोरची भिंत बांधा. जानेवारीत प्रशिक्षक बदललाय, घर अर्धं उघडं आहे, अशा घरात आणखी एक तेवीस वर्षांचं पोर आणून उभं करू नका. पहिल्या फेरीतल्या दोन्ही निवडी क्वार्टरबॅकला जपणाऱ्या आणि पास झेलणाऱ्या गड्यांवर खर्च करा. हे मत मी पाकिटात घालून ठेवलंय.

आणि यंदाचा ड्राफ्ट पिट्सबर्गला आहे, 23 ते 25 एप्रिल 2026. तुमच्या दारातून गाडीनं दोन-सव्वादोन तास. 2004 मध्ये ब्राउन्सनी ओहायोच्याच ज्या क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरला सोडलं आणि ज्यानं मग वर्षानुवर्षं तुम्हाला रडवलं, त्याच्या गावात. मुलाला म्हणा, चल, दोघंच जाऊ, ब्राउन्सचा नारिंगी शर्ट घालून पिट्सबर्गच्या स्टीलर्सवाल्यांच्या गर्दीत उभे राहू. तो मित्रांबरोबर जायचं म्हणाला तर म्हणू द्या, तुम्ही त्यांना गाडीतून सोडा. जाता-येता पेन हिल्सच्या बालाजीचं दर्शन होईल, तुमच्याकडची बरीच मंडळी तसंही तिथे जातात, आणि प्रसादाचा दहीभात खाताना क्वार्टरबॅकवर बोलायचं की नाही ते त्यालाच ठरवू द्या. मात्र नदीकाठी गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका. आधीच बघून ठेवा.